मागच्या सीटचा विमा

आमच्या घरात राहती माणसं पाच आणि दुचाक्या चार. लेक पुण्याला शिकायला, नाहीतर पाचवीही आली असती! अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एक्सएल सुपर रोज सकाळी वैराग रस्त्याच्या रानात जाते. ह्यांची स्प्लेंडर दुकानाला. माझी ॲक्टिव्हा बचत गटाच्या कामाला, बाजाराला आणि सगळ्यांच्या सगळ्या निरोपांना. आणि चिरंजीवांची एकशेसाठ सीसीची काळीभोर गाडी, जिला घरात हात लावायची कुणाला मुभा नाही. बार्शीत आता कुठल्याही गल्लीत जा, दारासमोर हीच रांग दिसेल. पूर्वी सायकली असायच्या, एवढाच फरक.

तर संक्रांतीच्या आधी चार दिवस चिरंजीव तोंड पाडून घरी आले. कुर्डुवाडी रस्त्यावर पोलिसांनी अडवलं, मशीनमध्ये नंबर टाकला आणि दोन हजारांचं चलन फाडलं. कारण काय, तर विमा संपलेला.

‘‘असं कसं? त्या गाडीचा पाच वर्षांचा आहे!’’ हे म्हणाले.

पाच वर्षांचा होताच. पण गाडी २०२० च्या दिवाळीतली. पाच वर्षं कधी सरली ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. दरवर्षी भरायची वेळ आली असती तर निदान आठवण तरी राहिली असती. वीजबिल एक दिवस पुढे गेलं तर मला झोप लागत नाही, पण गाड्यांची कागदपत्रं हे ‘पुरुषांचं खातं’ म्हणून मी कधी उघडलंच नव्हतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी खाली घेतली आणि चारही गाड्यांचे कागद सतरंजीवर मांडून बसले. म्हटलं, महिला मंडळाचा जमाखर्च सांभाळते, तर चार गाड्यांचा काय अवघड आहे?

अवघड होतंच थोडं. चार गाड्या, तीन कंपन्या, चार वेगवेगळे महिने. कागदावरची अक्षरं मुंगीएवढी. पण एकदा चष्मा लावून बसले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एजंटांना चहाला बोलावलं, तेव्हा हळूहळू उलगडा होऊ लागला.

पहिली गोष्ट कळली ती पाच वर्षांचीच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. शोरूमवाले म्हणतात ‘पाच वर्षं बघायला नको’, आणि आपण पेढे वाटून मोकळे होतो. पण पाच वर्षं असतो तो फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्यासाठीचा. आपली गाडी पडली, चोरीला गेली, जळाली, तर त्यासाठीचा भाग, ज्याला ही मंडळी ‘ओडी’ म्हणतात, तो सहसा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे चिरंजीवांची ती जिवापाड जपलेली गाडी २०२१ च्या दिवाळीपासून चार वर्षं चोराच्या भरवशावर उभी होती. रोज रात्री हँडल लॉक आहे ना, हे मात्र तीनदा बघितलं जायचं!

तुमच्या घरी २०१८ नंतरची गाडी असेल तर आज संध्याकाळीच कागद काढून या दोन तारखा बघा. दोन्ही वेगळ्या असतात.

आता पैशाचं. एजंटांनी चारही गाड्यांचा आकडा एका कागदावर लिहून दिला, सात हजार चारशे. ह्यांनी सवयीने विचारलं, ‘‘काही कमी होतील का?’’ आणि तिथे मला दुसरी गोष्ट समजली. थर्ड पार्टीचा हप्ता कुठल्याच कंपनीत कमी होत नाही. तो सरकार ठरवतं आणि तो सगळीकडे सारखाच. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ सीसीपर्यंतच्या गाडीला ५३८ रुपये, ७५ ते १५० पर्यंत ७१४, १५० ते ३५० पर्यंत १३६६ आणि त्याच्या वर २८०४. बॅटरीवरच्या गाडीला त्यात १५ टक्के सूट. अण्णांची एक्सएल सुपर ६९.९ सीसीची, म्हणून ती स्वस्तात बसते. स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हा मधल्या गटात. आणि चिरंजीवांची गाडी दीडशेच्या वर जेमतेम दहा सीसी, पण तेवढ्यासाठी हप्ता जवळपास दुप्पट. गाडी घेताना ॲव्हरेज विचारलं, रंग विचारला, ‘पिकअप’ विचारला. हे कुणी विचारलं नाही. पुढची गाडी घेणाऱ्यांनी विचारावं.

चौघींचे मिळून ३३३२, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३९३२. (गेल्या सप्टेंबरात, २०२५ मध्ये, विम्यावरचा जीएसटी गेला असं आपण ऐकलं ते वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याचं. गाड्यांचा तसाच राहिला.) एवढे तर भरायचेच. ते चुकवले तर काय होतं याचं छोटं रूप म्हणजे चलन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार हजार, शिवाय कैदेचीही तरतूद. मोठं रूप बघायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. आपल्या गाडीने कुणी दगावलं आणि विमा नसेल, तर भरपाई मालकाच्या खिशातून. ती रक्कम गेलेल्या माणसाचं वय, कमाई, मागची माणसं यावर ठरते. लाखांत जाते. रान विकून भरणारी कुटुंबं आपल्याच तालुक्यात आहेत.

मग सात हजार चारशेतून ३९३२ वजा केले, तर उरलेले साडेतीन हजार कशाचे? मी कागदावर बोट ठेवून एकेक विचारत गेले. एजंटकाका भले माणूस आहेत, पण असा हिशेब त्यांना आजवर कुणी मागितला नव्हता. चहा दोनदा झाला.

त्यात रोडसाइड असिस्टन्स होता. गावात गाडी बंद पडली तर आमचा मेकॅनिक फोन केल्यावर दहा मिनिटांत येतो, तो काढला. चावी हरवली तर भरपाई होती. तीही काढली, कारण आमच्याकडे चाव्या हरवतात त्या फ्रिजवर सापडतात. आणि मग एक ओळ तीन ठिकाणी दिसली, ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात, १५ लाख’. स्प्लेंडरवर, ॲक्टिव्हावर आणि चिरंजीवांच्या गाडीवरही. प्रत्येकी साडेतीनशेच्या घरात.

हे १५ लाखांचं संरक्षण सक्तीचं आहे. गाडी चालवताना अपघातात मालक गेला किंवा कायमचा अपंग झाला तर ते मिळतं. २०१८ पर्यंत दुचाकीला ते फक्त एक लाखाचं होतं. पण जानेवारी २०१९ पासून नियम असा आहे की, एका माणसाच्या नावावर कितीही गाड्या असल्या तरी हे संरक्षण त्याला एकदाच घ्यावं लागतं. आणि त्याची वेगळी, निदान १५ लाखांची अपघात विमा पॉलिसी आधीच असेल तर गाडीबरोबर घ्यायचीही गरज नाही. फक्त तसं लिहून द्यावं लागतं. आमच्या तिन्ही गाड्या ह्यांच्या नावावर. म्हणजे एका माणसासाठी तीनदा! दोन वर्षांपासून दोनदा भरत होतोच, आता तिसऱ्यांदा भरणार होतो.

‘‘बघा, वाचवले की नाही सात-आठशे रुपये?’’ मी मोठ्या ऐटीत म्हणाले.

आणि म्हणता म्हणताच गप्प झाले. तिन्ही गाड्या ह्यांच्या नावावर. ॲक्टिव्हासुद्धा. ‘तुझी गाडी, तुझी गाडी’ म्हणत दहा वर्षं जी मी चालवते, तिच्या आरसीवर माझं नावच नाही. संरक्षण ‘मालक-चालका’ला. चालक मी, मालक हे. उद्या मी ॲक्टिव्हावरून पडून बरंवाईट झालं तर त्या १५ लाखांतला एक रुपया घरी येणार नाही. चिरंजीवांचंही तेच.

तेव्हा मला आमच्या गटातल्या ताईंची आठवण झाली. खरं तर ती गोष्ट मनात होतीच, पण तिचा अर्थ त्या दिवशी पुरता लागला.

या ताई शेंगदाण्याची चटणी आणि पापड करतात. २०२३ च्या पावसाळ्यात शुक्रवारी नवऱ्याच्या मागे बसून चटणीची पाकिटं पोचवायला निघाल्या. समोर कुत्रं आलं, नवऱ्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली. त्याला खरचटलं. ताईंच्या मांडीचं हाड मोडलं. आत रॉड घातला, सोलापूरला तीन आठवडे, लाखाच्या वर खर्च. गटातून वीस हजारांचं कर्ज आम्हीच दिलं. पाच महिने चटणी बंद, पापड बंद. दवाखान्यातल्या बाकावर बसून नवरा सांगत होता, ‘‘मॅडम, गाडीचा इन्शुरन्स चालू आहे, मिळतील थोडेफार.’’ मीही मान हलवली होती. मला तरी काय ठाऊक?

काही मिळालं नाही. त्यांच्याकडे होता तो नुसता थर्ड पार्टी. जुनी गाडी, म्हणून स्वस्तातला. वकिलांनी समजावलं ते असं. विमा हा करार गाडीमालक आणि कंपनी या दोघांतला. तिसरा म्हणजे या दोघांबाहेरचा, रस्त्यावरचा माणूस. त्याला त्या गाडीने धडक दिली तर कंपनी भरपाई देते. दुसऱ्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला असता तर ताईंना त्या वाहनाच्या विम्यातून मागता आलं असतं. पण इथे दुसरं वाहनच नव्हतं. आणि आपल्याच गाडीवर मागे बसलेल्या माणसाला नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीचं संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका स्कूटरच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी घेते ती पॅकेज पॉलिसी, जिला आपण ‘फुल्ल इन्शुरन्स’ म्हणतो. ते विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना परिपत्रक काढून सांगितलं होतं. ती असती, तर निदान न्यायाधिकरणात कंपनीविरुद्ध दावा तरी उभा राहिला असता.

सांगा बरं, आपल्याकडे दुचाकीवर मागे कोण बसतं? मांडीवर पोर, हातात पिशवी, एका बाजूला पाय सोडून?

मी ह्यांच्या स्प्लेंडरचा कागद पुन्हा हातात घेतला. एजंटांनी तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘फक्त टीपी’. चौदा वर्षांची गाडी, विकली तर पंधरा हजार येतील, कशाला फुल्ल करायचं? हिशेब बरोबरच वाटतो. मी स्वतः परवापर्यंत तोच केला असता. पण लग्नाकार्याला, देवाला, दवाखान्याला मी बसते ती ह्याच गाडीच्या मागे.

‘‘काका, हिला फुल्ल केलं तर किती वाढतील?’’

त्यांनी मोबाईलवर काहीतरी केलं. ‘‘पंधरा हजार किंमत धरली तर... दोनशे सत्तर. वर जीएसटी.’’

दोनशे सत्तर रुपये. वर्षाचे. चहाचा कप तसाच हातात राहिला माझ्या. हे म्हणाले, ‘‘अगं, मला कुठं माहीत होतं!’’ ते खरंच आहे. एजंटांनाही दरवर्षी ‘कमीत कमी किती’ एवढंच विचारलं जातं, म्हणून ते कमीत कमी तेवढंच सांगतात. कुठल्या गाडीवर कोण बसतं, असं कुणी विचारत नाही.

सगळ्याच कंपन्या पंधरा वर्षांच्या पुढच्या गाडीला फुल्ल देतात असं नाही. कुणी आधी गाडी बघायला मागतं. एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारावं, ओडीचा दर कंपनीगणिक वेगळा असतो. घासाघीस करायची ती इथेच. मागे बसणाऱ्यासाठी वेगळं अपघात संरक्षणही थोडे पैसे भरून जोडून मिळतं. सरकारी चार कंपन्या आहेत, खासगी तर पुष्कळ. मी दोन शाखांत स्वतः गेले आणि एकीला फोन केला. एका ठिकाणी ‘मिस्टरांना पाठवा’ म्हणाले. मिस्टर दुकानात होते, म्हणून मीच खुर्ची ओढून बसले!

ओडीवरच ती ‘नो क्लेम’ची सूट असते. वर्षभर काही मागितलं नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. ही सूट गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकली तरी नव्या दुचाकीवर नेता येते. पण विमा संपून ९० दिवस उलटले की गेली. आमच्या चिरंजीवांच्या गाडीची अशीच गेली. आरसा फुटला, इंडिकेटर तुटला, अशा पाच-सातशेच्या कामासाठी क्लेम करू नये तो यासाठीच. सूट जाते, आणि प्लॅस्टिकच्या भागांचे तसेही निम्मेच मिळतात.

सगळ्या गाड्यांची मिळून एकच पॉलिसी असते का, हेही मी विचारलं. एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी ‘फ्लोटर’ प्रकाराला नियामकाने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली आहे, फक्त ओडीसाठी. आमच्या गावात मला ती कुठे मिळाली नाही, एका शाखेत तर मीच नाव सांगितलं. तुमच्याकडे मिळाली तर दोन्ही हिशेब करून बघा.

मग मी माझ्यासाठी काय केलं? ॲक्टिव्हा माझ्या नावावर करून घ्यायचं ठरवलं. ह्यांनी आधी डोळे मोठे केले. ‘‘नवरा-बायकोत कसलं नाव?’’ शिवाय त्यांची सूट माझ्याकडे येणार नाही, ती मालक जिवंत असेपर्यंत त्याचीच. म्हणजे माझा हप्ता थोडा वाढणार, आणि १५ लाखांचं वेगळं भरावं लागणार ते निराळंच. फॉर्म २९, फॉर्म ३०, आणि नाव बदललं की चौदा दिवसांत विमाही नव्या नावावर करायला अर्ज. पण तोवर थांबायचं कशाला, म्हणून त्याच आठवड्यात मी स्वतःच्या नावाने अपघात विमा काढला. ‘सरल सुरक्षा विमा’ नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी २०२१ पासून कंपन्यांकडे आहे, अडीच लाखांपासून पुढे. मी पंधरा लाखांचीच घेतली, म्हणजे ॲक्टिव्हा नावावर झाली की गाडीबरोबरचे पैसे वाचतील. ती गाडी कुणाच्या नावावर आहे, मी पुढे बसले की मागे, हे बघत नाही. एसटीतही चालते. चिरंजीवांसाठीही घेतली. पैसे त्यांच्या पगारातून, चलनाचे दोन हजारही.

गटातल्या बायकांना एवढं झेपणार नाही. त्यांच्यासाठी आम्ही दुसरं काम हाती घेतलं. बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयापर्यंत, अपघाती मृत्यूला आणि दोन्ही हात, पाय वा डोळे गेले तर दोन लाख, एक हात, पाय वा डोळा गेला तर एक लाख. ताईंच्या मोडलेल्या हाडाला यातूनही काही मिळालं नसतं, दवाखान्याच्या खर्चाला आरोग्यविमाच लागतो, हे मी बैठकीत आधीच सांगून टाकलं. खोटी आशा नको. पण ३१ मे ला खात्यात वीस रुपये शिल्लक नाहीत म्हणून योजना बंद पडलेल्या आमच्या गटातच सात जणी निघाल्या. वीस रुपये!

अजून एक. ‘दोनशे-तीनशेत इन्शुरन्स काढून देतो’ म्हणणारे रस्त्याच्या कडेला भेटतात. पेट्रोलच्या गाडीला थर्ड पार्टीचा सरकारी दरच ५३८ च्या खाली नाही, तेव्हा तो कागद कशाचा असेल ते ओळखा. भरून दोन दिवस झाले की एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख बघावी. आमच्या गल्लीत मी आता अकरा गाड्यांची तारीख बघून दिली आहे. लोक निवडणुकीच्या यादीतलं नाव बघायला यावं तसे येतात.

आमचा शेवटचा आकडा झाला सहा हजार शंभरच्या आसपास. आधीच्या कागदापेक्षा तेराशेने कमी, आणि स्प्लेंडर फुल्ल. माझा आणि मुलाचा अपघात विमा वेगळा. चारही गाड्यांच्या तारखा मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्यात, गॅसच्या नंबराच्या शेजारी.

फक्त अण्णांचं अडलंय. एक्सएलचे ५३८ भरले, पण त्यांचं लायसन बघायला घेतलं तर ते संपून तीन वर्षं झालेली. लायसन नसताना गाडी कुणाला लागली तर कंपनी आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते, हे मी त्यांना समजावलं. वय वर्षं शहात्तर. नूतनीकरणाला डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो, त्यात डोळेही तपासतात. अण्णा म्हणतात, ‘‘पन्नास वर्षं गाडी चालवतोय, डॉक्टर काय बघणार माझे डोळे?’’ आरटीओचं शिबिर पुढच्या आठवड्यात गावात आहे. आई म्हणाल्या, ‘‘तू नंबर लाव, मी बघते कसे येत नाहीत ते. नाहीतर रानात चालत जातील.’’ तोवर एक्सएलची चावी त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली आहे.